आकृतीखालची ओळ

थोरलीने निबंधाची पानं उलटली आणि तिचा चहा कपातच राहिला. आकृती एकच्या खाली, बरोब्बर मधोमध, लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता. "कुठून?"

"कुठून म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे हा आलेख आणला कुठून," धाकटी जाऊ मटार सोलता सोलता म्हणाली.

"हे बघ, तुझ्या कितीतरी आधी मी या घरात आले. आजवर मला कुणी 'कुठून आणलंस' म्हणून विचारलेलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही!"

"मी विचारायचे," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तू ऐकायची नाहीस."

आता या घराचा घोळ आधी समजून घ्या. थोरली म्हणजे घरची मोठी सून. सकाळच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची. चाळिशी उलटल्यावर तिच्या डोक्यात शिकायचं आलं आणि संध्याकाळच्या कॉलेजात तिने शिक्षणशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. इथवर सगळं झकास. पण निबंधाला मार्गदर्शन करायला जी मॅडम मिळाली, ती निघाली तिचीच धाकटी जाऊ! म्हणजे संध्याकाळी "मॅडम, आत येऊ का?" आणि तासाभराने त्याच मॅडमला "अगं, कुकरकडे बघ, मी काय चार हातांची आहे का?" मार्क देणारे सर वेगळे होते, तेवढं एक बरं होतं. थोरलीचा नवरा बोटीवर नोकरीला होता. घरात वाद पेटला की तो हटकून समुद्रात असायचा. नशीबवान माणूस!

राहता राहिला धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पण चष्म्यांपेक्षा खोड्यांसाठीच तो जास्त प्रसिद्ध. सगळी इमारत त्याला उचापती म्हणायची, आणि तो ते बिरूद मिरवायचाही.

थोरलीला राग यायला कारण होतं. हा निबंध नुसत्या मार्कांसाठी नव्हता. तिच्या वर्गात एक चिमुरडी होती, जिला सगळे डुलकी म्हणायचे. शाळा भरायची सकाळी सातला. डुलकी पहिल्या तासाला टेबलावर गाल टेकायची आणि खुशाल झोपायची. मागच्या सत्रात ती झोपेतच बाकावरून घसरली आणि हनुवटीला टाके पडले. टाके घालताना थोरलीने तिला मांडीवर धरलं होतं. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, लहान वर्गांची शाळा उशिरा भरली पाहिजे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कमिटीपुढे या, नीट मांडा." येत्या शनिवारी बैठक होती. निबंधच तिथे वाचायचा ठरलं होतं. आणि निबंधाचा कणा म्हणजे ही आकृती एक. निळीशार रेघ डावीकडून उजवीकडे ऐटीत चढत गेलेली, कोपऱ्यात हसरा सूर्य, वर लिहिलेलं, 'जितकी झोप, तितकं लक्ष'.

"टीचर्स रूमच्या ग्रुपवर आला होता," थोरली म्हणाली. "नेटवर पडलेला आहे. सगळ्यांचा आहे."

"बरं. या रेघेत कुणाची झोप मोजलीय, ताई?"

"मुलांची."

"असं लिहिलंय कुठे?"

थोरलीने चष्मा खाली सरकवला, वर केला. "झोप लिहिलंय. मुलं झोपतात. आणखी काय हवं?"

"म्हातारेही झोपतात. तुमचे दीरही झोपतात. दुकानात, गिऱ्हाईकासमोर."

"मी डोळे मिटून विचार करतो," उचापती सोफ्यावरून म्हणाला.

"आणि या उभ्या रेघेवर काय मोजलंय?" धाकटीचं चालूच. "लक्ष. ते कशात मोजतात? किलोत की लिटरात?"

"अख्खा निबंध मी स्वतः लिहिलाय," थोरलीचा आवाज चढला. "एक ओळ कुणाची उचलली नाही. एक चित्र घेतलं तर लगेच चोरी?"

"चोरीचं नंतर बघू. ज्याने मेहनत केली त्याचं नाव द्यायचंच, तो तर साधा प्रामाणिकपणा झाला. पण आधी मला हे सांगा, हे खरं आहे का? आलेख म्हणजे साक्षीदार असतो ताई. तो तोंडावर फडकं बांधून आला, तर कितीही गोड बोलो, कोर्टात आधी फडकं काढायला लावतात. कोण तू, काय पाहिलंस, कुठून पाहिलंस? आकृतीखालची ओळ म्हणजे तेच. कुणी मोजलं, कुणाला मोजलं, कोणत्या वर्षी, कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर. म्हणजे ज्याला शंका येईल तो जाऊन बघू शकतो."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही, एवढंच."

"तुमच्यावर आहे. त्या रेघेवर नाही." धाकटीने मटारचे दाणे पातेल्यात ओतले. "रस्त्यात एखादी गोळी पडलेली दिसली. रंग छान, आकार छान, वेष्टन नाही. द्याल तुम्ही ती डुलकीला?"

थोरली उठली. तिने मटारची टरफलं गोळा केली आणि कुणाला लागणार नाही, पण ऐकू येईल इतक्या जोरात डब्यात आपटली.

उचापती उठून बसला. भांडण विझायला लागलं की त्याला राहवत नसे.

"वहिनी, पैज लावता? मी आत्ता एक आलेख काढतो. साफ खोटा. पण खाली लिहीन की हा खोटा आहे. ही खालची ओळ दोन दिवस टिकली, तर आठवडाभर भांडी माझी. नाही टिकली तर तुमची."

"लोक काय आंधळे आहेत का, भाऊजी?"

"माझं दुकान कशावर चालतं, वहिनी?"

त्याने लॅपटॉप ओढला आणि जीभ बाहेर काढून, शाळकरी पोरासारखा कामाला लागला. पाच जाडजूड खांब, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. पहिला हिरवा, शेवटचा लालभडक. वर मथळा, 'लिफ्टचा वापर आणि स्वभावातील चिडचिड'. खाली नीट वाचता येईल अशी ओळ, 'सर्व आकडे काल्पनिक. जुळवणारा: चौथ्या मजल्यावरचा उचापती.'

"हा लाल खांब एवढा उंच कसा?" धाकटीने विचारलं.

"तो तुझ्याकडे बघून काढला."

मटारची एक शेंग त्याच्या कपाळावर येऊन आदळली. तेवढ्यात त्याने आलेख सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उड्या मारत घरी आला. आलेख परत आला होता! त्याच्याच एका गिऱ्हाईकाने पाठवला होता. खालची ओळ गायब. वर कुणीतरी मोठ्या अक्षरांत चढवलं होतं, 'परदेशी शास्त्रज्ञांचा धक्कादायक शोध!'

"एका दिवसात मी परदेशी झालो," उचापती म्हणाला. "पासपोर्ट न काढता!"

"ओळ कापली कुणी पण?" थोरलीने विचारलं.

"वाईट कुणीच नाही हो. एकीने कापली असेल कारण चित्र स्क्रीनवर मावत नव्हतं. दुसऱ्याला वाटलं असेल, खाली काहीतरी बारीक बारीक आहे, काय करायचंय."

थोरलीने हात झटकले. "लोक बावळट आहेत म्हणून मी बावळट ठरत नाही. भांडी घासते, पण माझा आलेख राहणार." आणि खरोखर, कुरकुर न करता तिने भांडी घासली. निबंधातलं ते पान मात्र तसंच ठेवलं. हट्टाला पेटली की ती सासूबाईंनाही आवरत नसे.

पण गंमत अजून बाकी होती, आणि ती उचापतीच्याही हाताबाहेर गेली होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर थोरली दोन पिशव्या घेऊन इमारतीत शिरली, तर तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या. गुडघ्यावर हात, तोंड फुगलेलं. शेजारी एक भलंमोठं लाकडी कपाट उभं. कपाटाला टेकून घामाघूम उचापती. आणि लिफ्टच्या दारावर पाटी, 'रहिवाशांच्या मानसिक आरोग्यासाठी लिफ्ट दुपारी बंद राहील.' पाटीखाली चिकटवलेला, रंगीत छापलेला, पाच खांबांचा तोच आलेख!

"डोळे तपासून आले तर वर जाता येईना," सासूबाई म्हणाल्या. "ही खुर्चीही वॉचमनची. तो बिचारा उभा आहे. म्हणे मी चिडू नये म्हणून लिफ्ट बंद केली. मला विचारा आता, किती शांत वाटतंय ते!"

"आणि हे कपाट?"

"माझं," उचापती बारीक आवाजात म्हणाला. "आजच यायचं होतं. हमाल म्हणाले, चार मजले जिन्याने नेणार नाही. टाकून गेले."

थोरलीला हसू आवरेना. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमनकाका हातात किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. गृहस्थ सज्जन, कामसू, पण नवीन काही वाचलं की दुपारपर्यंत अमलात आणणारे.

"काका, लिफ्ट सुरू करा," उचापती म्हणाला. "तो आलेख मीच काढलाय. थट्टा होती ती."

चेअरमनकाकांनी त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटू नये. परदेशी संशोधन आहे ते. वर लिहिलंय."

"अहो, मी सोफ्यावर बसून काढला! लाल खांब माझ्या बायकोवरून काढला!"

"मग खाली तुमचं नाव का नाही?"

सगळ्या इमारतीला आयुष्यभर गंडवणारा माणूस आज खरं बोलत होता आणि कुणी ऐकून घेत नव्हतं!

"आकडे बघा ना," चेअरमनकाका थोरलीकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या बाई आहात. एवढे खांब उगाच का चढतील?"

"पण काका, हे आणलं कुठून?"

थोरली बोलून गेली आणि जागच्या जागी थबकली. हाच तो शब्द! लाल पेनाचा!

"कुठून म्हणजे? ग्रुपवर आला होता. नेटवर पडलेला आहे. सगळ्यांचा आहे."

आणि हे तिचं वाक्य! अगदी तसंच्या तसं. थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा सुजलेला गुडघा, वॉचमनची खुर्ची. एका चित्राने एका म्हातारीला तळमजल्यावर बसवून ठेवलं होतं. चित्र काढणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. चेअरमनकाकांना तर भलंच करायचं होतं. फक्त एक ओळ कुठेतरी गळून पडली होती. आणि शनिवारी ती स्वतः काय करणार होती? असंच एक बिनओळीचं चित्र दाखवून शाळेचं दार कधी उघडायचं ते ठरवायला निघाली होती!

"काका," ती शांतपणे म्हणाली, "किती लोकांना विचारलं, कुणी विचारलं, चिडचिड कशी मोजली, हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. मग हा कागद दारावर नको. मूळ चित्र भाऊजींच्या लॅपटॉपवर आहे, ते बघा. आणि तोवर आईंना वर सोडा."

उचापती कपाट तिथेच टाकून जिन्याने धावत वर गेला, लॅपटॉप घेऊन खाली आला. चेअरमनकाकांनी ती खालची ओळ दोनदा वाचली. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. मग पाटी उतरवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही, हा भाग वेगळा. ते उचापतीने आणि चेअरमनकाकांनी मिळून जिन्याने चढवलं. न्याय म्हणतात तो हाच!

त्या संध्याकाळी थोरली कॉलेजात धाकटीच्या टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, माझा आलेख कुठून आला ते शोधायचंय."

धाकटीने वर पाहिलं. तिला हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं. मॅडम म्हणजे मॅडम. दोघी संगणकासमोर बसल्या. थोरलीने आधी टीचर्स रूममधल्या चित्रकलेच्या बाईंना फोन लावला. त्यांना तो त्यांच्या भावाने पाठवला होता. भावाला कुठल्याशा पानावर दिसला होता. पुढे माग लागेना. मग धाकटीने चित्रावरून चित्र कसं शोधायचं ते दाखवलं. पडद्यावर त्या निळ्या रेघेची भावंडं दिसायला लागली, कुठे सूर्य होता, कुठे नव्हता. उतरत उतरत दोघी सगळ्यात जुन्या चित्राशी पोचल्या. ते पूर्ण होतं. खालची पट्टी शाबूत होती.

थोरलीने वाचलं. परत वाचलं. मग खुर्चीत मागे रेलली.

"गादी!" ती म्हणाली.

गादीच होती. एका गादीवाल्याची जाहिरात. झोप म्हणजे त्यांच्या गादीवरची झोप, आणि लक्ष म्हणजे, गिऱ्हाईकांना दुसऱ्या दिवशी आपल्याला कसं वाटतंय असं विचारलं होतं. मुलं नव्हतीच त्यात. सगळे गाद्या विकत घेणारे मोठे लोक.

"मी कमिटीपुढे गादी विकणार होते," थोरली म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

मग थोरलीचं हसू ओसरलं. "पण आता माझ्याकडे काय उरलं गं? उद्या निबंध द्यायचा. परवा बैठक. शाळेच्या व्हॅनवाले काका आहेत कमिटीत. त्यांना वेळ बदलायची नाहीय, त्यांच्या सगळ्या फेऱ्या बदलतील. ते विचारणारच. माझ्याकडे दाखवायला काही नाही. डुलकी परत पडेल, आणि मी बघत बसेन."

"ताई," धाकटी म्हणाली. कॉलेजात ती कधी ताई म्हणत नसे. "डुलकी पडली तेव्हापासून तुम्ही काय करता रोज? वर्गात."

"काय करते? बघते, कोण पेंगतंय ते. कपाटाच्या दाराला आतून कागद लावलाय. पहिल्या तासाला जितकी डोकी टेबलावर, तितक्या रेघा ओढते. तेवढाच मनाला चाळा."

"चाळा?" धाकटी उठून उभी राहिली. "अहो, ताई! तुम्ही मोजलंय! आणि मधे ते छताचं काम होतं, तेव्हा तुमची शाळा उशिरा भरत होती ना?"

"हो. पंधरवडाभर."

"तेव्हाही रेघा ओढल्यात?"

"सवयच लागली होती."

धाकटीने टेबलावर हात आपटला. "मग रडताय कशाला!"

शुक्रवारी घरच्या टेबलावर आलेख तयार झाला. धाकटीने सांगितलं, थोरलीने काढला. खाली आडव्या रेघेवर शाळेचे दिवस, उभ्या रेघेवर झोपलेल्या मुलांची संख्या. सातला भरलेल्या शाळेचे खांब करडे, उशिरा भरलेल्या शाळेचे पिवळे. पिवळे सगळे बुटके होते. फक्त एक सोडून. तो मधेच ताडासारखा उभा.

"हा एक शहाणा कोण?" उचापतीने डोकावून पाहिलं. "कापून टाका वहिनी. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," थोरली म्हणाली.

धाकटी खाली मान घालून हसली.

थोरलीला आठवलं, आदल्या दिवशी खेळांच्या स्पर्धा होत्या, पोरं दमलेली होती. तिने खांब तसाच ठेवला आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'आकृती १. पहिल्या तासाला झोपलेली मुलं. नोंद: लेखिकेने स्वतः वर्गात केलेली. एकाच वर्गाची नोंद, त्यामुळे सगळ्या शाळेला लागू होईलच असं नाही. उंच पिवळा खांब: आदल्या दिवशी खेळांच्या स्पर्धा होत्या.' कोणत्या महिन्यांतली नोंद, तेही लिहिलं.

"स्वतःच्या आलेखालाही ओळ लागते?" उचापतीने विचारलं.

"त्यालाच तर आधी लागते," थोरली म्हणाली. " नाहीतर लोकांना वाटेल, हाही ग्रुपवर आलाय."

दुसरी आकृती कॉलेजच्या ग्रंथालयातून आली. शाळकरी मुलांच्या झोपेवरचा खराखुरा अभ्यास होता तो. थोरलीने तो आलेख सोपा करून पुन्हा काढला. खाली अभ्यास करणाऱ्यांची नावं, पुस्तक, वर्ष, पान आणि पुढे, 'यावरून पुन्हा काढली.' मग धाकटीने तिला निबंधात जिथे तो मुद्दा होता तिथे 'आकृती २ पाहा' असं लिहायला लावलं. "आकृती पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसवून ठेवायची नाही," ती म्हणाली. "तिच्याशी बोलायचं. ती काय सांगतेय आणि काय सांगत नाही, दोन्ही."

शनिवारी थोरली कागदांची गुंडाळी घेऊन शाळेच्या सभागृहात उभी राहिली. समोर मुख्याध्यापिका, दोन पालक, आणि हाताची घडी घालून व्हॅनवाले काका. जाड मिशा, बारीक नजर. पहिलाच कागद भिंतीवर लागला आणि काकांनी सुरुवात केली.

"बाई, हे चित्र आणलं कुठून? नेटवरचं का? नेटवर काय, कायपण मिळतं."

थोरलीला दोन दिवसांपूर्वीची ती निळी रेघ आठवली. मग ती म्हणाली, "माझ्या वर्गातून, काका. मीच मोजलंय. खाली लिहिलंय बघा."

काका उठले. कागदाजवळ गेले. ओळ न् ओळ वाचली.

"आणि हा उंच खांब? हा तर तुमच्या विरुद्ध जातोय."

"जातोय. त्याच्या आदल्या दिवशी स्पर्धा होत्या. मला वाटतं पोरं त्यामुळे दमली होती. पण खात्रीने नाही सांगता येणार."

"काढून टाकला असता तर आम्हाला कळलंही नसतं."

"म्हणूनच ठेवला."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. थोरलीला वाटलं, संपलं. आता हा माणूस म्हणणार, एका वर्गावरून शाळा बदलता येत नाही. आणि ते खरंच होतं, तिने स्वतःच तसं लिहून ठेवलं होतं!

"एका वर्गावरून काही ठरवू नये," काका म्हणालेच. मुख्याध्यापिकांनी मान हलवली. "पण ज्या बाईने स्वतःच्या विरुद्ध जाणारा खांब भिंतीवर लावला, तिच्या बाकीच्या खांबांवर मी शंका घेणार नाही. माझ्या गाडीतपण झोपतात हो पोरं. मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर पडतात. मी आपलं ब्रेक हळू मारतो." ते जरा थांबले. "एक काम करा. हे सत्र लहान वर्गांची शाळा उशिरा भरवून बघा. मी माझ्या फेऱ्या बसवतो. बाकीच्या बाई मोजतील, गाडीत मी मोजतो. सत्राच्या शेवटी परत बसू."

"काका, मोजणार तुम्ही?" थोरलीला विश्वास बसेना.

"मोजीन की. पण एक अट. आलेख काढाल तेव्हा खाली माझं नाव लिहायचं. ग्रुपवर आलं असं लिहायचं नाही!"

सगळे हसले. मुख्याध्यापिकांनी ठराव लिहून घेतला. थोरलीने कागद भिंतीवरून काढला आणि खालची ओळ चुरगळणार नाही अशा बेताने गुंडाळला.

तर मंडळी, आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये रोज रंगीत खांब आणि चढत्या रेघा येऊन पडतात. आपण विद्यार्थी असू, नसू, निबंध लिहू, न लिहू, पण कुणाचं तरी दार उघडण्याचा नाहीतर बंद करण्याचा निर्णय त्यांवर होत असतो. म्हणून एवढंच करा. दुसऱ्याचा आलेख घ्या, खुशाल घ्या, पण ज्याने मोजलं त्याचं नाव, पुस्तक, वर्ष, पान खाली लिहा. स्वतः काढलात तर स्वतःचं लिहा, आणि आपल्याला काय माहीत नाही तेही लिहा. आणि ती बारीक ओळ कापू नका. स्क्रीनवर मावत नसेल तर सूर्य कापा!

पुढच्या सोमवारी शाळा उशिरा भरली. थोरली पहिल्या तासाला कपाटाचं दार उघडून पेन्सिल घेऊन उभी राहिली. डुलकी तिच्याजवळ आली, टाचा उंच करून कागदाकडे बघू लागली.

"बाई, या रेघा कुणाच्या?"

"झोपलेल्या मुलांच्या."

"आज माझी रेघ कुठंय?"

"आज तुझी नाही."

डुलकीने जरा विचार केला. मग तिने थोरलीच्या हातातली पेन्सिल घेतली, कागदाच्या तळाशी, जिथे जागा उरली होती तिथे, वाकड्यातिकड्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि म्हणाली, "मग असं लिहा, मी जागी होते. आणि हे मीच सांगितलं, तेही लिहा."